वकीलसाहेबांचा बॅरिस्टर

वांग्याची भाजी करायची की दोडक्याची, हा प्रश्न ज्या घरात रोज सकाळी दोन्ही बाजू ऐकून घेतल्याशिवाय सुटत नसे, त्या घरात मी वकिली शिकलो.

साहेब आरामखुर्चीत तपकिरीची डबी घेऊन बसलेले असायचे आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. "वांग्याच्या बाजूनं काय म्हणणं आहे?" साहेब विचारायचे. "वांगी घरात आहेत," काकू म्हणायच्या. "आणि दोडका?" "दोडका मंडईत आहे." आता एवढ्यावर कुठलाही शहाणा माणूस निकाल देईल की! पण साहेब डोळे मिटून घ्यायचे. परवा काय झालं होतं, पित्ताला वांगं चालतं का, दोडक्याच्या शिरांची चटणी होते हा दोडक्याचा जादा गुण धरायचा की नाही, असं सगळं सावकाश निघायचं. तोवर मिलचा भोंगा होऊन जायचा. काकू आत जायच्या आणि पिठलं टाकायच्या. साहेब ते पिठलं मिटक्या मारत खायचे आणि मला म्हणायचे, "बघा ज्युनियर, घाई केली असती तर आज हे पिठलं मिळालं असतं का?"

मी त्यांचा ज्युनियर. नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नाही. मारायची की नाही, हेही बहुतेक ठरायचं राहिलं असावं.

सोलापूरच्या दिवाणी कोर्टात त्या काळी साहेबांचा मोठा दबदबा होता, आणि तो त्यांनी एकही खटला लवकर न जिंकता मिळवला होता. तारीख मागावी तर साहेबांनी. न्यायाधीश नवा असो, जुना असो, तापट असो, साहेब उठायचे, लाल पगडी सारखी करायचे, चिमूटभर तपकीर ओढायचे आणि शिंकायला लागायचे. एक शिंक, दुसरी शिंक, मग अशी काही माळ लागायची की न्यायाधीशच हात जोडून म्हणायचे, "वकीलसाहेब, पुढची तारीख घ्या, पण आता पुरे." समोरच्या पक्षाचा माणूस कपाळाला हात लावून बाहेर पडायचा. असं वर्षानुवर्षं चालल्यावर तो माणूस थकायचा, तडजोड करायचा, नाहीतर देवाघरी जायचा. मग साहेब जिंकायचे. पक्षकार कुरकुरला तर म्हणायचे, "खटला म्हणजे आंब्याची अढी आहे. सारखी उकलून बघू नये."

घरातही तेच. आमच्या गावच्या घरांना माळवदं, वर मातीचा थर. साहेबांचं माळवद एका कोपऱ्यात गळायचं. पावसाआधी दुरुस्त करावं तर गळती नेमकी कुठं आहे ते दिसत नाही, आणि पावसात करावं तर माती बसत नाही, या पेचात ते कायम होते. पाऊस आला की कोपऱ्यात घंगाळ ठेवायचं, इतकंच. नशीब, सोलापुरात पाऊस तरी कितीसा पडतोय!

विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हावं असं तरुणपणी त्यांच्या फार मनात होतं. घरच्यांचा विरोध मावळला, पैशांची सोय झाली. पण समुद्र ओलांडल्याबद्दलचं प्रायश्चित्त जाण्याआधी घ्यावं की आल्यावर घ्यावं, यावर त्यांनी काशीपर्यंत पत्रव्यवहार केला. दोन्हीकडून भरपूर आधार निघाले. उत्तरं वाचता वाचता वय निघून गेलं. बॅरिस्टर व्हायचं राहिलं, म्हणून मग त्यांनी बॅरिस्टर पाळला.

ते असं झालं. गावातल्या एका मिलमध्ये एक गोरा अधिकारी होता. त्याच्यावर कुणीतरी फिर्याद केली होती आणि ती साहेबांनी इतकी लांबवली की फिर्याद करणारा कंटाळून गाव सोडून गेला. गोरा खूश. कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्यानं आपल्या कुत्रीचं एक पिल्लू साहेबांच्या हवाली केलं. ग्रेट डेन म्हणतात ती जात. आमच्याकडं त्या जातीला काय म्हणायचं कुणाला ठाऊक! लोक म्हणायचे, वकिलानं वासरू पाळलंय. पिल्लू घ्यावं की नाही याचा विचार साहेबांनी सुरू केला, तोवर गोऱ्याची आगगाडी सुटली होती. म्हणून ते राहिलं. नाव ठेवलं बॅरिस्टर.

बॅरिस्टर वाढला म्हणजे काय वाढला! ब्राह्मणाच्या घरात कुत्र्याला काय मिळणार, तर ज्वारीची भाकरी, दूध आणि शेंगांची चटणी. चटणीवर त्याचा असा काही जीव की उखळीचा आवाज आला की तो परसातून थेट स्वयंपाकघरात. काकूंना सुरुवातीला त्याची किळस यायची. "सोवळ्यात शिरतंय मेलं," म्हणून त्या लाटणं घेऊन धावायच्या. पण एकदा त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या, तेव्हा त्यानं येऊन आपलं ते भलंमोठं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सुस्कारा टाकला. काकूंनी सूप बाजूला ठेवलं. त्या दिवसापासून सोवळं परसाच्या अलीकडं आलं, हळूहळू ओसरीत आलं, आणि मग कुठं गेलं ते कळलंच नाही. घरात मूलबाळ नव्हतं. काकूंचे सोमवार, चतुर्थ्या, प्रदोष सगळं चालू असायचं. बॅरिस्टर आल्यावर उपासाच्या दिवशी दाण्याची उसळ करताना त्या निम्मी त्याच्यासाठी तिखट न घालता काढून ठेवायच्या.

तो पिल्लू असतानाच गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर एकदा येऊन त्याला बघून गेले होते. डॉक्टर कोकणातले, तोंडाचे फटकळ. ते म्हणाले, "वकीलसाहेब, हा दांडगा होणार. भिंतीआड राहायचा नाही. याला खच्ची करून टाका. मात्र आत्ता नको. या मोठ्या जातीची कुत्री उशिरा भरतात. लवकर कापलं तर हाडं नुसती लांबत जातील आणि सांधे कच्चे राहतील. वर्ष-दीड वर्ष जाऊ द्या. पण मग उशीरही नको. एकदा भादव्यात माद्यांमागं धावायची चटक लागली की नंतर कापूनही सवय राहते."

यातलं 'आत्ता नको' एवढंच साहेबांनी ऐकलं. "याला म्हणतात डॉक्टर!" ते मला म्हणाले. "किती संयमी माणूस आहे!"

मग तो भादवा आला. बॅरिस्टर तेव्हा नुकता वयात आलेला.

आमच्या गल्लीच्या मागं तेलुगू विणकरांची गल्ली होती. सकाळी ऊन चढायच्या आत ते लोक गल्लीभर ताणा लावायचे. म्हणजे लुगड्याचं उभं सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंवर ताणायचं आणि घरच्या सगळ्यांनी दोन्ही बाजूंनी कुंच्यानं त्याला खळ द्यायची. पोरंसोरं, बाया, म्हातारे, सगळे कामाला. ताणा लागला की त्या गल्लीतून माणूसही वाकून जायचा. त्या दिवशी ताण्याखालून एक कुत्री पळाली. तिच्यामागं गल्लीतले कुत्रे पळाले, तेही खालूनच. आणि त्यांच्यामागं परसाची भिंत ओलांडून आमचे बॅरिस्टर आले. ते कशाचे खालून जातायत! सगळा ताणा गळ्यात घेऊन ते तसेच पुढं गेले, बांबूंसकट.

थोड्या वेळानं मल्लय्या दारात उभा. त्याचाच ताणा होता तो. दोन्ही हातांवर खळीनं चिकट झालेल्या सुताचा गुंता. शिव्या देईल असं मला वाटलं, पण त्यानं तो गुंता फक्त पुढं धरला. शेवटी म्हणाला, "वकीलसाब, कुत्र्याला मारा म्हणून नाय आलो. पर परत आलं तर आमी काय करायचं, ते तुमीच सांगा की."

"मोठा गहन प्रश्न आहे," साहेब म्हणाले.

मल्लय्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार, कप्पाळ! नुकसान काकूंनी त्याच दुपारी भरून दिलं, कारण साहेब नुकसान कशाला म्हणावं याची व्याख्या करत बसले होते. पण विणकर काही एकटे नव्हते. त्यांनी म्युनिसिपालटीत गाऱ्हाणं घातलं आणि तिथून निरोप आला: हे जनावर पुन्हा मोकळं दिसलं की गोळी घालण्यात येईल. त्या वेळी बेवारशी कुत्र्यांसाठी म्युनिसिपालटीचा एक बंदूकवाला फिरत असे. तो आमच्या गल्लीतून जाताना मुद्दाम मान उंच करून परसात बघायला लागला. काकूंनी ते बघितलं आणि त्या दिवसापासून परसाच्या दाराला आतून कुलूप घातलं. पण भिंतीला कुलूप कसं घालणार?

डॉक्टरांना बोलावणं गेलं. ते म्हणाले, "हाडं भरलीत. आता करा. पुढच्या भादव्याआधी कधीही करा, पण करा." हे 'कधीही' ऐकून साहेबांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

झालं. दर रविवारी ओसरीवर सुनावणी सुरू झाली. अतिशयोक्ती करत नाही, सुनावणीच! साहेब मधे, बॅरिस्टर त्यांच्या पायाशी, आणि भोवती ज्याला ज्याला काही म्हणायचंय तो. खच्ची हा शब्द उच्चारायचा नाही, असं पहिल्याच बैठकीत ठरलं. 'सदरहू क्रिया' म्हणायचं. तरीसुद्धा सदरहू क्रिया म्हटलं की बसलेले सगळे गडी मांडीवर मांडी घेऊन आवळून बसायचे. मी हे दर वेळी बघायचो आणि मला हसू आवरायचं नाही.

करमाळ्याकडचे एक पाटील साहेबांचे पक्षकार होते. त्यांच्या बापाच्या वेळेपासूनचा दावा चालू होता, त्यामुळं ते घरच्यासारखेच झाले होते. पाटलांची साक्ष पहिली. "वकीलसाब, आमी जल्मभर बैलं ठेचली हायती. खोंड आदत, म्हंजी दुधाच्या दातांचं असताना ठेचलं की मान भरत न्हाय, वशिंड बसतंय, आन् बैल गाईगत दिसतंय. चौसा हू द्यावा, मंग ठेचावा."

"चौसा म्हणजे?"

"चार दाती हो. दोन दात पाडून चार आलं की चौसा."

"मग हा चौसा झालाय का?"

आता कुत्र्याला बैलाचे दात कुठून येणार! पण हा मुद्दा कुणालाच सुचला नाही. दोघांनी बॅरिस्टरचा जबडा उघडला. पाटलांनी आत बोट घातलं, मोजलं, पुन्हा मोजलं आणि बुचकळ्यात पडले. "ह्यो जुळलाय जणू, समदं दात आल्यात," ते म्हणाले. "दात लई हायती." साहेब म्हणाले, "म्हणजे वेळ टळून गेली?" "तसं बी न्हाय. सुळं धरली तर चारच हायती." "म्हणजे आत्ताच चौसा झाला?" त्यावर तो अख्खा रविवार गेला. सुळे दातांत धरायचे की नाही हे ठरेना, आणि बॅरिस्टर आपला जबडा उघडा ठेवून पाटलांच्या कोपराला लाळ लावत बसला. मग दुपारी पाटलांनाच भाकरी वाढली आणि दातांचा प्रश्न पुढं ढकलला.

दुसरी बाजू शेजारच्या अण्णांची. अण्णा कापडाचे व्यापारी, घरात कानडी, दुकानात मराठी, कपाळावर विभूतीचे पट्टे. ते तावातावानं यायचे. "अय्यय्यो, काय बोलायलाव वकीलसाहेब! गड्याचं गडीपण काढायचं म्हंता? पाप हाय की हे! त्या मुक्या जीवाला काय कळतंय का? देवानं दिलेलं आहे ते. उद्या वंश बुडला त्याचा तर..."

आणि अण्णा एकदम थांबले. साहेबांच्या घरात वंश बुडाला हे शब्द कुणी बोलत नसे. पाटील छताकडं बघायला लागले. साहेबांनी डबी काढली, तपकीर ओढली, पण त्या दिवशी त्यांना शिंक आली नाही.

आतून काकू म्हणाल्या, "आणि बंदुकीचं काय?"

"कसली बंदूक?" साहेब म्हणाले.

"म्युनिसिपालटीची."

"तो मुद्दा क्रमानं येईल."

"मुद्द्याच्या आधी बंदूक आली तर?"

सगळे गडी आपापल्या मांड्या आवळून बसले होते.

असे महिने गेले. साहेबांकडं प्रत्येक महिन्याला एक कारण तयार होतं. चैत्र-वैशाखात सोलापूरचं ऊन, जखम चिघळेल. मृगात माशा होतात. आणि पुढं श्रावण लागला की घरात कापाकापी नको, हेही आधीच ठरलेलं. डॉक्टर दवाखान्यातून निरोप धाडायचे की अहो आणता कधी, आणि साहेब उत्तर पाठवायचे की विचार चालू आहे, आपणही आपलं म्हणणं सविस्तर मांडावं. डॉक्टरांनी एकदा मलाच गाठून विचारलं, "तुमच्या साहेबांना कुत्रा प्यारा आहे की वाद?" मला चीड आली, साहेबांची आली आणि डॉक्टरांचीही आली. साहेबांचा त्या कुत्र्यावर जीव होता हो. रोज कोर्टातून आल्यावर पगडी काढायच्या आधी ते परसात जायचे. कोर्टात कोण काय म्हणालं ते सगळं त्याला सांगायचे, आणि तोही मान वाकडी करून ऐकायचा. पण जीव असणं वेगळं आणि त्या जिवासाठी एक शब्द हो म्हणणं वेगळं. हे दुसरं त्यांना जमत नव्हतं, आणि त्यापायी कुत्रा मरणार होता.

आषाढात साहेबांना एका अपिलासाठी मुंबईला जावं लागलं. हायकोर्टात मोठे मोठे बॅरिस्टर बघायला मिळतील म्हणून स्वारी खुशीत होती. जाताना मला म्हणाले, "बॅरिस्टरचा प्रश्न मी आल्यावर मार्गी लावू." पुढं म्हणाले, "निदान दिशा तरी ठरवू."

टांगा वळणावर दिसेनासा झाला तशा काकू म्हणाल्या, "उद्या सकाळी टांगा सांग."

"कुठं जायचंय, काकू?"

"गुरांच्या दवाखान्यात. आणि मल्लय्याला बोलाव. याला धरायला एकट्याचं काम नाही."

"पण साहेब..."

"साहेबांना तो पुरुष हवाय," काकू म्हणाल्या. "मला तो जिवंत हवाय."

तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं मी कोर्टात निकाल ऐकले, पण इतका चोख कधी ऐकला नाही. सकाळी टांगा आला. घोडा बॅरिस्टरला बघून बिचकला, टांगेवाला बिचकला, आणि मल्लय्या म्हणाला, "चला की, ते वकीलसाबचं कुत्रं हाय, मधीच इचार करत बसंल." मल्लय्यानं त्याचे मागचे पाय धरले, मी पुढचे, आणि त्याचं डोकं काकूंच्या मांडीवर. अशी आमची वरात दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म दिला. काकूंना आत येऊ दिलं नाही. त्या बाहेर पाण्याच्या हौदावर बसून राहिल्या, शेजारी एक लंगडा बैल उभा. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं आणि सोडायचं, गुंडाळायचं आणि सोडायचं. डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "झालं, बाई. काही सुद्धा नाही." काकूंनी विचारलं, "कळलं का त्याला?" "झोपेत होता." "बरं झालं," त्या म्हणाल्या आणि तिथंच ढसाढसा रडल्या. मल्लय्या हौदाच्या पलीकडं तोंड करून उभा राहिला.

साहेबांचं अपील मुंबईतही लांबलं, ते लांबणारच होतं. ते आले तोवर बॅरिस्टर हिंडाफिरायला लागला होता. अंगानं थोडा वाळला होता. "पोट बिघडलं होतं," काकूंनी सांगितलं. साहेब म्हणाले, "अरेरे." रविवारी सुनावणी पुन्हा सुरू झाली. मी तिथं बसलेला, मला माहीत; काकू दारात, त्यांना माहीत. मल्लय्याच्या गल्लीला माहीत, त्यामुळं अण्णांनाही कळलेलं. तरी अण्णा पूर्वीच्याच तावानं गडीपणावर बोलले! कारण साहेबांना सांगणार कोण? पाटील तेवढे अजाण होते. ते पुन्हा दात मोजायला बसले.

भादवा आला. गल्लीत रात्रंदिवस कुत्र्यांचा गलका. बंदूकवाला दोनदा येऊन परसात डोकावून गेला. आणि बॅरिस्टर? तो ओसरीवर पोट वर करून घोरत होता. भिंतीपलीकडून कुत्र्यांची झुंड गेली तर त्यानं एक डोळा उघडला, बघितलं आणि मिटला. मल्लय्याचा ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत रोज लागत होता.

साहेब तर हरखून गेले. "बघितलंत, ज्युनियर? अहो, बघितलंत का? मी वर्षभर घाई केली नाही. चर्चा केली. रोज त्याला समजावून सांगितलं. त्याचं फळ आहे हे! संस्कार म्हणतात याला. जे तुम्ही सुरीनं करायला निघाला होता ते मी संस्कारानं केलं."

एवढं आमच्यापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण वाचनालयाच्या व्याख्यानांत त्या वर्षी एक वक्ता ऐनवेळी आला नाही, आणि कुणीतरी साहेबांना बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांनी ताबडतोब हो म्हटलं. विषय, संयम आणि संस्कार. त्या दिवसांत जो उठेल तो तरुणांना ब्रह्मचर्य शिकवत होता, मग आमच्या साहेबांनी का मागं राहावं? व्यासपीठावर जाजम घातलं, जाजमावर बॅरिस्टर, शेजारी साहेब. हॉल भरून लोक बाहेर उभे. सगळ्या गावाला ठाऊक होतं हो! मागच्या बाकांवरची कॉलेजची पोरं तोंडात रुमाल कोंबून बसली होती. पहिल्या रांगेत डॉक्टर.

"मी याच्यावर कधी हात उगारला नाही," साहेब म्हणाले. "शस्त्र तर दूरच राहिलं." डॉक्टरांना असा ठसका लागला की त्यांना पाणी द्यावं लागलं. "प्रचंड देह, ऐन तारुण्य, भाद्रपद मास, आणि हा पाहा!" सगळ्यांनी पाहिलं. बॅरिस्टरनं जांभई दिली. अण्णा आपल्या उनाड थोरल्या पोराला हाताला धरून घेऊन आले होते. गेलं वर्षभर गडीपणाचा कैवार घेणारे अण्णा पोराच्या कानात कुजबुजत होते, "बघ, त्या मुक्या जनावराला जमतंय, तुला जमंना व्हय?" पोराचा चेहरा बघवत नव्हता. टाळ्या सगळ्यात जोरात कुणी वाजवल्या असतील तर मल्लय्यानं. त्याला व्याख्यानातलं काही कळलं नसेल, पण त्या टाळ्या मनापासूनच्या होत्या.

बायकांच्या बाजूला काकू बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मान खाली घालून पूर्ण ऐकलं त्यांनी. मला मात्र भयंकर राग आला. वाटलं, आपण त्यांना आता सांगावंच. माणसाला किती दिवस असं गावाच्या हसण्यावारी सोडायचं?

दुसऱ्याच दिवशी सकाळी तोच निश्चय करून मी गेलो. ओसरीवर कुणी नव्हतं. परसात पाण्याचा आवाज येत होता, म्हणून तिकडं गेलो. साहेब धोतर खोचून, उघडेबंब, दगडावर बसले होते आणि बॅरिस्टरला अंघोळ घालत होते. बॅरिस्टर उताणा, चारी पाय आकाशाकडं. साहेब शिकेकाईच्या पाण्यानं त्याचं पोट चोळत होते. मग मागच्या मांड्यांमधे त्यांचा हात सावकाश झाला. जिथं जुनी खूण होती तिथं त्यांनी चोळलं नाही, नुसतं ओंजळीनं पाणी सोडलं. रोज करत असल्यासारखं केलं त्यांनी ते.

माझी सावली पडली तसं त्यांनी वर बघितलं. मी बघितलंय हे त्यांना दिसलं. डोळ्याला डोळा भिडला.

"काय ज्युनियर, काही काम होतं?"

"नाही, साहेब."

"मग कोर्टात भेटू," ते म्हणाले आणि पुन्हा पाणी घालू लागले.

मी स्वयंपाकघरात गेलो. काकू चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, "काकू, साहेबांना माहीत आहे."

"असणारच," त्या म्हणाल्या. "मुंबईहून आल्यावर दुसऱ्या दिवशी अंघोळ त्यांनीच घातली होती त्याला."

"मग तुम्हाला काही बोलले नाहीत?"

"नाही. मीही सांगितलं नाही."

"आणि ते रविवार? कालचं ते भाषण? सगळा गाव हसला, काकू!"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मला वाटलं, विषय संपला. मग चुलीकडंच बघत त्या म्हणाल्या, "आमच्या लग्नाला काही वर्षं झाल्यावर मला बाईडॉक्टरकडं नेलं होतं. तिनं तपासलं आणि म्हणाली, तुझ्यात काही दोष नाही गं, आता नवऱ्याला तपासून घे. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, बघू, दिवाळी होऊ दे."

मी तिथंच पाटावर टेकलो.

"दिवाळी झाली की संक्रांत, संक्रांत झाली की सुट्टी. मग मी विचारायचं सोडलं. लोक मला वांझ म्हणायचे. डोहाळजेवणाला बोलावणं यायचं नाही. हे सोमवार, चतुर्थ्या, कशासाठी केल्या वाटतं तुला? मूल होईल म्हणून? मी उपास केले की लोकांना वाटायचं, दोष हिच्यातच आहे. यांच्याकडं कुणी बोट दाखवलं नाही."

परसातून साहेबांची हाक आली, "अगं, पंचा दे गं लवकर. गारठायला लागलाय तो."

"आले," काकू म्हणाल्या. भाकरी उतरवून त्यांनी दोरीवरचा पंचा ओढला आणि दाराशी थांबल्या.

"कुत्र्याचं वर्षभर ठरेना, ते मी एका सकाळी ठरवलं," त्या म्हणाल्या. "माझं कुणी ठरवलं रे? वकील आहेस ना तू? सांग."

आणि पंचा घेऊन त्या परसात गेल्या.